घटक ५ : कारागृहातून समाजाकडे – एका आंतरविद्याशाखीय पदवीचा आराखडा

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• सुटलेल्या बंदीच्या पुनर्वसनाचा प्रश्न एकाच विद्याशाखेत का मावत नाही, हे स्पष्ट करता येईल.
• खानदेशातील परिस्थिती लक्षात घेऊन अशा पदवीचा आराखडा मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

१९३२ साली धुळे कारागृहात विनोबा भावे यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर १८ प्रवचने दिली. तेथेच बंदिवासात असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि त्यांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. कारागृहातही ज्ञानसाधना होऊ शकते, याचे हे आपल्या प्रदेशातील ठळक उदाहरण होय. मात्र विनोबा आणि साने गुरुजी सत्याग्रही होते. समाजाच्या लेखी त्यांचा कारावास भूषणावह होता. चोरी किंवा मारामारीच्या आरोपातून आत गेलेल्याच्या वाट्याला सुटकेनंतर संशय येतो. म्हणून आत मिळालेल्या शिक्षणाचे फलित बाहेरच्या परिस्थितीवर अवलंबून असते, हे आपण ध्यानात घ्यावे.

५.३ विषय-विवेचन

पदवीची रचना विषयांच्या यादीपासून नव्हे, तर सुटकेच्या दिवसापासून सुरू करावी. अशी कल्पना करा : जळगाव जिल्हा कारागृहातून जामिनावर सुटलेला एक शेतमजूर यावल तालुक्यातील आपल्या गावी परतला आहे. केळीच्या बागेत त्याला काम मिळते. पण न्यायालयाच्या तारखेला गेल्यास मजुरी बुडते. मजुरी बुडाली की उसनवारी वाढते, घरात भांडणे होतात, सुटलेली दारू पुन्हा जवळ येते. तारीख चुकली तर वॉरंट निघते. येथे विधी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक सोडवून दुसरा सोडला, तर सारा प्रयत्न वाया जातो.

आराखड्याचे तीन टप्पे करता येतील :

(अ) प्रथम वर्ष – हक्क : कोठडीतील व्यक्तीला मोफत विधी सहाय्य देणारा १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आणि १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम.

(आ) द्वितीय वर्ष – उपजीविका व आरोग्य : शेती, जिनिंग, डाळमिल यांतील रोजगार, व्यसनमुक्ती व समुपदेशन.

(इ) तृतीय वर्ष – कार्यक्षेत्र : कारागृह, न्यायालय आणि गाव या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष काम. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा १९९० मध्ये सुरू झालेला ‘प्रयास’ हा प्रकल्प यासाठी अभ्यासावा.

२०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे ५,७३,००० बंदी होते. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. त्यांच्या सुटकेची तारीख आधी ठाऊक नसते. त्यामुळे पुनर्वसनाची तयारी शिक्षेच्या अखेरीस नव्हे, प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून व्हावी. बंदी स्वतः विद्यार्थी असेल, तर आत मिळवलेले श्रेयांक बाहेरही ग्राह्य धरले जावेत.

५.४ सारांश

पुन्हा गुन्हा घडू नये, ही जबाबदारी एकट्या सुटलेल्या व्यक्तीची नसते. तिला काम, घर आणि विश्वास देणाऱ्या समाजाचीही ती असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

आपल्या गावी कारागृहातून परतलेल्या व्यक्तीला पहिल्या महिन्यात कोणत्या पाच अडचणी येतील? प्रत्येक अडचणीशी निगडित किमान दोन विद्याशाखा लिहा.