परदेशस्थ विदेशी नागरिक आणि भारतातील कंपनी नोंदणी

भारतात कंपनी स्थापन करण्यासाठी विदेशी नागरिकाने येथे वास्तव्यास आलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार खासगी मर्यादित कंपनीसाठी किमान दोन भागधारक व दोन संचालक आवश्यक असतात. ते विदेशी असू शकतात. मात्र एका तरी संचालकाचे आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात वास्तव्य असावे लागते. नव्या कंपनीसाठी ही अट पहिल्या वर्षी उर्वरित काळाच्या प्रमाणात लागू होते. एकव्यक्ती कंपनीचा पर्याय मात्र केवळ भारतीय नागरिकांसाठी आहे.

२०२० पासून नाव, नोंदणी व पॅन यांसाठी 'स्पाइस प्लस' हा एकत्रित ऑनलाइन अर्ज आहे. अडचण येते ती प्रामुख्याने कागदपत्रांत. परदेशात केलेल्या स्वाक्षऱ्यांना राष्ट्रकुलातील देशात नोटरीचे साक्षांकन, १९६१ च्या हेग करारातील देशात नोटरीसह अपोस्टिल, तर अन्यत्र भारतीय दूतावासाचे प्रमाणीकरण लागते. अर्जदार स्वाक्षरीसाठी भारतात आल्यास त्याच्याकडे वैध व्यवसाय व्हिसा हवा. पर्यटक व्हिसा चालत नाही.

भांडवलाचे नियम

बहुतेक क्षेत्रांत थेट परकीय गुंतवणुकीस स्वयंचलित मार्ग खुला आहे. लॉटरी, जुगार, चिट फंड, सिगारेट उत्पादन ही क्षेत्रे निषिद्ध आहेत. भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीसाठी एप्रिल २०२० मध्ये शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. रक्कम बँकेमार्फत आल्यावर ६० दिवसांत समभागांचे वाटप आणि वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेस माहिती देणे बंधनकारक आहे. व्यवसाय सुरू करण्यापूर्वी, नोंदणीपासून १८० दिवसांच्या आत, भागधारकांनी समभागांची रक्कम भरल्याचे घोषणापत्रही द्यावे लागते.

निवासी संचालकाची जबाबदारी

निवासी संचालकाची अट भागवण्यासाठी एखाद्या परिचिताचे नुसते नाव लावण्याची पळवाट शोधली जाते. ती दोघांनाही महागात पडू शकते. सलग तीन वर्षे वार्षिक विवरणपत्रे न भरल्यास कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे नोंदवहीतून वगळण्यात आली आणि लाखो संचालक अपात्र ठरले. 'मी केवळ नावापुरता होतो' हा बचाव कायद्यापुढे सहसा टिकत नाही.

म्हणूनच विदेशी उद्योजकाने निवासी संचालकाशी अधिकार, माहिती व मोबदला यांचा लेखी करार करावा. संचालकपद स्वीकारणाऱ्यानेही बँक खाते आणि विवरणपत्रे स्वतः पाहण्याचा आग्रह धरावा. नोंदणी काही दिवसांत होते. तिच्यासोबत आलेले उत्तरदायित्व कंपनीच्या अस्तित्वाइतकेच दीर्घ असते.