अवेट लिहिण्याआधी

जावात काम करायचं म्हणजे एका थ्रेडला दुसऱ्यासाठी थांबवण्याची वेळ येणारच. तेव्हा वेट-नोटिफायच्या वाटेला जाऊ नकोस. नोटिफाय झालं तेव्हा कुणी थांबलेलं नसेल, तर तो इशारा वाया गेला. मागाहून आलेला थ्रेड बसतो वाट बघत. शिवाय कुणी न उठवताही थ्रेड जागा होऊ शकतो, म्हणून अट इफमध्ये नाही, व्हाइलमध्ये तपासावी लागते. 2004 साली जावा 5 मध्ये डग ली यांच्या पुढाकाराने झालेलं कॉन्करंट पॅकेज आलं आणि ही कटकट बरीच कमी झाली. त्यातल्या काउंटडाउनलॅचला सुरुवातीला एक आकडा द्यायचा, प्रत्येक काउंटडाउन तो एकाने उतरवतं आणि अवेट तो शून्य होईपर्यंत थांबवतं. आकडा शून्यावर आला की तिथेच राहतो. उशिरा अवेटवर आलेला थ्रेड न थांबता पुढे जातो.

आता मुख्य गोष्ट ऐक. काउंटडाउन फायनलीतच लिहायचं. समज, तीन फायली वाचायला तीन थ्रेड लावलेस, लॅच तीनचा. तिसऱ्याला फाइल सापडली नाही, एक्सेप्शन आलं, आणि काउंटडाउनची ओळ ट्रायच्या शेवटी. झालं! आकडा एकवर अडकला, मेन थ्रेड अवेटवर. काम एक्झिक्युटरला सबमिटने दिलं असेल तर एक्सेप्शन फ्यूचरच्या पोटात. गेट केल्याशिवाय बाहेर येत नाही. लॉग कोरा, सीपीयू थंड. जेस्टॅकने डंप काढलास तर मेनपुढे नुसतं ‘वेटिंग’.

मात्र फायनलीतून आकडा उतरला म्हणजे काम संपलं, जमलंच असं नाही. निकाल वेगळा ठेव.

अवेटला वेळेची मर्यादा घालच, आणि ते काय परत देतं तेही बघ. फॉल्स आलं म्हणजे वेळ संपली, कामं अजून चालू असू शकतात. लोक ते बघतच नाहीत आणि अर्धवट डेटा घेऊन पुढे जातात. काउंटडाउनआधी लिहिलेलं सगळं अवेटनंतर दिसतं, ही हमी आकडा शून्यावर आला तरच.

दोन थ्रेडच्या पूलमध्ये तीन कामं एकाच लॅचवर एकमेकांची वाट बघत बसवू नकोस. तिसऱ्याला थ्रेडच मिळणार नाही. लॅच परत भरताही येत नाही. फेऱ्या करायच्या असतील तर सायक्लिकबॅरिअर घे.

आणि टेस्टमध्ये स्लीप टाकून वेळ मारून नेऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपवर पुरलेला सेकंद बिल्ड सर्व्हरवर पुरेलच असं नाही. टेस्टमध्येही लॅचच लाव.