फिंचला नुसता राळा पुरत नाही

देहूरोडच्या एका वाचक भगिनींनी पत्राने विचारले आहे की, त्यांच्या झेब्रा फिंचच्या जोडीतील मादी अंडी घालताना दगावली. वाटी तर राळ्याने कायम भरलेली असे, मग उणे काय पडले? माझ्या दवाखान्यातही हा प्रश्न वरचेवर येतो. आपल्याकडे लष्करी वस्ती मोठी. बदलीचा हुकूम आला की पिंजरा शेजाऱ्यांच्या घरी जातो आणि ‘याला राळा घालत जा’ एवढीच सूचना त्याच्याबरोबर येते. म्हणून आज या चिमुकल्या पक्ष्यांच्या आहाराविषयी लिहीत आहे.

आधी वाटीविषयी. फिंच दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ दिसते, पण वरचा थर निव्वळ फोलपटांचा असतो. झेब्रा फिंचचे वजन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम. एवढ्याशा शरीरात साठा तो किती असणार? एक दिवसाचा उपासही त्याच्या जिवावर बेतू शकतो. तेव्हा रोज सकाळी वाटी बाहेर नेऊन फुंकर मारावी, फोलपटे उडवावीत आणि मगच नवे धान्य घालावे. एका पक्ष्याला दिवसाला साधारण चहाचा एक सपाट चमचा धान्य लागते. (फुंकर घरात मारू नये. ती धूळ दम्याच्या माणसाला सोसत नाही. नंतर हातही साबणाने धुवावेत.)

आता त्या भगिनींच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. वाळलेल्या धान्यात पिष्ट भरपूर असते, पण कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व फार थोडे. मादी एका खेपेला रोज एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. कवचाचे कॅल्शियम आहारातून मिळाले नाही, तर ते तिच्या हाडांतून जाते. पहिली खेप निभावते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कवच मऊ पडते, स्नायूंचा जोर कमी होतो आणि अंडे आत अडकते. पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, कुंथणारी मादी दिसली तर तिला तत्काळ उबेत ठेवावे आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न घरी मुळीच करू नये. पत्रातील मादीला मी पाहिलेले नाही. पण फक्त राळ्यावर असलेल्या मादीच्या बाबतीत माझा पहिला संशय यावरच जातो.

यावरचे उपाय महाग नाहीत. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतो. त्याचा तुकडा पिंजऱ्याच्या जाळीला तारेने बांधावा. तो नसेल तर अंड्याची टरफले दहा मिनिटे उकळून, वाळवून, भरड कुटून वेगळ्या वाटीत ठेवावीत. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणून तिलाही वाटीत जागा द्यावी. हे कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी कोवळे ऊन. बंद काचेतून आलेले ऊन या कामी उपयोगाचे नाही, कारण त्यातील आवश्यक किरण काच अडवते. पिंजरा सकाळी थोडा वेळ उघड्या उन्हात ठेवावा. अर्ध्या भागावर सावली असू द्यावी आणि मांजराकडे लक्ष असावे. शिवाय दोन खेपांनंतर घरट्याचे मडके काढून घ्यावे. मडके दिसत राहिले की जोडी अंडी घालतच राहते.

हिरव्या खाण्याविषयी लोकांच्या मनात भीती असते, की पातळ शौच होईल. मात्र निसर्गात काय घडते ते पाहा. पावसाळ्यात घोरावडेश्वरच्या डोंगराकडे गवताला तुरे येतात, तेव्हा ठिपकेवाल्या मुनियांचे थवे त्यावर उतरतात. मुनिया ही आपल्याकडची फिंचची भावंडेच. आपण हुरडा खातो तसे हे पक्षी चिकात आलेले कोवळे दाणे खातात आणि त्यावरच पिले वाढवतात. ऑस्ट्रेलियातून जगभर गेलेला झेब्रा फिंचही मूळचा अशाच गवती बियांवर जगणारा. (मुनिया पाहून आनंद घ्यावा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती पकडून पाळणे गुन्हा आहे. विक्रेता काहीही सांगो.)

तेव्हा कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर यांपैकी काहीतरी रोज द्यावे. पालक क्वचितच, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवते. गवताचे तुरे तोडायचे तर हमरस्त्याच्या कडेचे किंवा फवारणीचे नकोत. पक्षी पहिले काही दिवस नव्या गोष्टीकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून घरची माणसे कंटाळतात. जुडी धुऊन ओलीच दांडीजवळ बांधावी. आधी तो तिच्यात अंग भिजवतो, मग टोचतो, मग खातो. दहा-पंधरा दिवस धीर धरावा आणि संध्याकाळी उरलेला पाला काढून टाकावा.

आठवड्यातून दोनदा पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून चिमूटभर द्यावे. पिले असताना रोज. दोन तासांनी उरलेले फेकावे. वाळू-खडे मात्र खास आणून घालण्याची गरज नाही. ते कबुतराला लागतात, कारण ते दाणा सोलल्याशिवाय गिळते. पाव, बिस्किटे, शेव, चहात बुडवलेले काहीही नको. ॲव्होकॅडो आता आपल्याही बाजारात दिसतो. तो पक्ष्यांना विषारी आहे.

धान्य घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. उपवासाची भगर सोललेली असते. मिळाल्यास टरफलासह असलेली वरई व राळा घ्यावा, त्यात थोडी बाजरी व चिमूटभर कारळे मिसळावेत. पेरणीसाठीची, गुलाबी औषध चोळलेली बाजरी कधीही घालू नये. घरच्या डब्यात बोरिक पावडर किंवा पारदाच्या गोळ्या असतील तर तेही धान्य नको; कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

आपल्या भागात पावसाळ्यात दमटपणा फार, धान्याला लवकर बुरशी धरते आणि तिचे विष यकृतावर जाते. जून ते सप्टेंबर आठवड्यापुरतेच धान्य आणावे. कुबट वास आला तर धुऊन-वाळवून वापरण्याची काटकसर करू नये. धान्य ताजे आहे की नाही याची खात्री करायची, तर चमचाभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. दोन-तीन दिवसांत बहुतेक दाण्यांना मोड आले तर धान्य चांगले. ते मोड स्वच्छ धुऊन पिंजऱ्यात घालावेत. आंबूस वास आलेले मात्र टाकून द्यावेत.