रक्ताभिसरण : साठा आणि प्रवाह

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रारंभीच 'साठा' आणि 'प्रवाह' यांतील भेद शिकवला जातो. बँकेतील शिल्लक हा साठा, तर दरमहा मिळणारे वेतन हा प्रवाह. रक्ताभिसरणाचा शोधही याच भेदाच्या आधारे लागला. सतराव्या शतकापर्यंत युरोपात गेलन या प्राचीन वैद्याचे मत प्रमाण मानले जाई. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते व अवयव ते वापरून टाकतात, असे ते मत होते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये साधा हिशेब मांडला. प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारे रक्त अगदी कमी धरले, तरी अर्ध्या तासात ते शरीरातील एकूण रक्ताहून अधिक भरते. एवढे रक्त अन्नापासून नव्याने निर्माण होणे अशक्य. अर्थात तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे.

दोन फेऱ्या

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७० ठोके धरल्यास हृदय मिनिटाला जवळजवळ ५ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ७,००० लिटर रक्त ढकलते. उजवे निलय रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या अलिंदात येते. डावे निलय ते महारोहिणीमार्फत सर्व शरीरात धाडते. केशवाहिन्यांत देवाणघेवाण होऊन नीलांमधून रक्त उजव्या अलिंदात परतते. झडपांमुळे ते उलट वाहू शकत नाही.

वाटपाचे काम सूक्ष्म रोहिण्या करतात. त्यांच्या भित्तिकेतील स्नायू आकुंचन वा प्रसरण पावून कोणत्या अवयवाला किती रक्त मिळावे हे ठरवतात. विश्रांतीच्या वेळी सुमारे एक पंचमांश रक्त एकट्या मूत्रपिंडांकडे जाते.

दाब वाढतो तेव्हा

या रोहिण्या सतत आवळलेल्या राहिल्या की रक्तदाब वाढतो. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब सातत्याने आढळल्यास तो उच्च रक्तदाब समजला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्या औषधे घेत होत्या. बहुधा वेदना होत नाहीत. मात्र डावे निलय जाड होते, मेंदूतील वाहिन्या फुटण्याचा वा बंद होण्याचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मग आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या मजुराची तेवढ्या दिवसांची मजुरीही बुडते.

ॲम्लोडिपिनसारखी स्वस्त गोळी रोहिण्यांचे स्नायू सैल करते. पण तिचा परिणाम ती घेत असेपर्यंतच टिकतो. बरे वाटले म्हणून गोळी सोडली की दाब पुन्हा चढतो. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात म्हणूनच ठरावीक औषधोपचार, रुग्णांची नोंद व पाठपुरावा यांबरोबर औषधांच्या अखंड पुरवठ्यावर भर देण्यात आला.

नियोजनकारांनी येथे हार्वेंचाच धडा गिरवावयास हवा. वर्षातून एकदा शिबिर भरवून वाटलेली औषधे हा साठा होय. रुग्णाला हवा असतो तो प्रवाह. गावातील आरोग्य केंद्रात एक महिना गोळ्या नसतील, तर त्या महिन्याचा भार हृदयावरच पडतो.