मूत्राशयाचे दार आणि मेंदूचे निरोप्ये

आपल्या इंदुरानजीक गंभीर नदीवर होळकरांच्या कारकिर्दीत बांधलेला यशवंतसागर आहे. पावसाळ्यात तो तुडुंब भरला, की त्याची दारे उघडावी लागतात. आपल्या शरीरातही असाच एक लहानसा तलाव आहे. तो म्हणजे मूत्राशय. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० घनसेंटिमीटर मूत्र मावते. परंतु त्याचे दार केव्हा मिटावे व केव्हा उघडावे, हे कोण ठरविते?

हा कारभार मेंदू व पृष्ठरज्जू मिळून पाहतात. मूत्राशय भरत असता त्याची भिंत सैल राहते आणि मुखाशी असलेला स्नायू दार आवळून धरतो. या स्नायूला आज्ञा देणारा पेशीसमूह पृष्ठरज्जूच्या खालच्या भागात आहे. ओनुफ्रोविच या शास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन केले. मेंदूकडून येणारे मज्जातंतू तेथे सेरोटोनिन व नॉरॲड्रेनालिन ही रसायने सोडतात. ही रसायने म्हणजे जणू निरोप्येच. निरोप पोचला, की तंतू त्यांना पुन्हा आत ओढून घेतो. या पुनर्ग्रहणावर संशोधन करणारे ज्यूलियस ॲक्सेलरॉड १९७० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

नैराश्याच्या विकारावर दिली जाणारी काही औषधे हे पुनर्ग्रहण रोखतात. निरोप्ये अधिक वेळ रेंगाळले, की दार अधिक घट्ट मिटते. म्हणूनच खोकताना वा हसताना मूत्र गळण्याची व्याधी असलेल्या स्त्रियांसाठी ड्युलोक्सेटिन हे औषध युरोपात २००४ साली संमत झाले. उलटपक्षी, अशा औषधाने काही रोग्यांस मूत्रविसर्जनास अडचणही पडते. इमिप्रामिन या जुन्या औषधाने मुलांचे निजेत अंथरूण ओले होणे कमी होते, असे १९६० साली दिसून आले. त्याची मात्रा अधिक झाल्यास मात्र हृदयास धोका पोचतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

विद्यार्थिमित्रहो, यावरून आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की मूत्राशयावरील ताबा केवळ इच्छेचा खेळ नव्हे. अंथरूण ओले करणारे मूल आळशी वा हट्टी नसते. निजेतील त्याचा ताबा अजून पक्का व्हावयाचा असतो. त्याला मारू नये, हसूही नये. घरातील वडीलधाऱ्यांस असा त्रास असल्यास त्यांनी तो लाजेने लपवू नये. आणि मनाच्या विकारावरील औषध घेताना लघवीची तक्रार उद्भवली, तर ते परस्पर बंद न करता डॉक्टरांस मोकळेपणाने सांगावे.