ओळीशेजारचे कारण

अचलपूर

चि. बापूस,


लिनक्सवर तू स्वतःची मांडणी नव्याने उभारायला घेतली आहेस, हे कळले. टर्मिनल, एडिटर, कळफलक, फॉन्ट, शॉर्टकट असे सगळे आपल्या हाताला बसेल तसे करून घ्यायचे आणि साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवायचे, हे काम मला मनापासून मोलाचे वाटते. ते अर्ध्यावर विस्कटू नये म्हणून हे पत्र. माझे सांगणे एकच आहे. कॉन्फिग फाइलीतली प्रत्येक ओळ कशासाठी आहे, ते तिच्या शेजारी टिपणात लिहिलेले असावे. ज्या ओळीचे कारण लिहिता येत नाही ती, आज बिनतक्रार चालत असली तरी, काढून टाकावी. तुला हा शिस्तीचा अतिरेक वाटेल. पण काही मांडण्या वर्षानुवर्षे टिकतात आणि काही प्रत्येक नव्या लॅपटॉपवर पहिल्यापासून उभाराव्या लागतात, त्यामागे हुशारीपेक्षा ही सवयच जास्त असते.

आपल्या मुलखाचेच नाव घे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘वऱ्हाड’ लिहिताना व झाल्यावर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की ऱ येतो, ‘डी’ची कळ हलन्त देते, मग ह, काना, ड. हा एक मार्ग. साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे युनिकोडमधला झिरो विड्थ जॉइनर, असे दिले तरी पडद्यावर तेच रूप उमटते. डोळ्याला दोन्ही एकच, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. एका मार्गाने लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्या मार्गाने टाइप करून शोधलास, तर साध्या शोधात तो हाती लागत नाही. तू संक्षेपांची फाइल करशील, शुद्धलेखन तपासणीसाठी स्वतःचा शब्दसंग्रह ठेवशील, तेव्हा या दोहोंपैकी एक मार्ग नकळत निवडलेला असेल. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कोऱ्या’ हे सगळे त्याच मार्गाने जातील. पुढे कधी इनपुटची पद्धत बदललीस आणि नवी पद्धत दुसरा मार्ग वापरणारी निघाली, तर तुझ्याच टिपणांतले असे शब्द शोधात येईनासे होतील आणि बिघाड कुठे आहे ते समजणार नाही. फाइलीच्या माथ्यावर ‘ऱ आणि हलन्त हीच पद्धत, जोडचिन्ह नको, शोध एकसारखा व्हावा म्हणून’ एवढे लिहिले असेल तर हा गुंता अर्ध्या तासात सुटतो. ल आणि श यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतली त्यांची रूपे ठरवून दिली. ज्या फॉन्टमध्ये सोय असते तो मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्यावरच ती रूपे दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाची. म्हणून भाषा मराठी ठरवणारी ती एक ओळ महत्त्वाची. पण कारण लिहिले नसेल, तर पुढच्या साफसफाईत ‘ही कशाला?’ म्हणून तीच आधी उडते.

कारणे न लिहिल्याने काय होते, हे सर्वांत उघडे पडते ते आवृत्ती बदलताना. डेबियन किंवा उबुंटूवर एखादे पॅकेज नव्याने बसते, त्याची सिस्टीममधली कॉन्फिग फाइल तू बदललेली असते आणि निर्मात्यांनीही बदललेली असते. तेव्हा काम थांबते आणि प्रश्न येतो: तुमची फाइल ठेवू, की नवी घेऊ? दोन्हींतला फरकही पाहायला मिळतो. कारण माहीत असलेला माणूस फरक पाहून उत्तर देतो. माहीत नसलेला भीतीने जुनी ठेवतो, किंवा कंटाळून नवी घेतो आणि आठवडाभर काहीतरी बिनसल्याची चुटपुट बाळगतो. पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या एक्स-विंडो या जुन्या प्रणालीकडून वेलँडकडे झालेले स्थलांतर हे याचेच मोठे उदाहरण. फेडोराने 2016 मध्ये वेलँडला मुख्य स्थान दिले, पुढे उबुंटूनेही दिले. कळांची अदलाबदल करणाऱ्या एक्समॉडमॅपच्या कित्येक जुन्या फाइली त्यामुळे निकामी झाल्या. ज्याने ‘कॅप्स लॉकवर मराठी-इंग्रजी बदल’ असे लिहून ठेवले होते, त्याला तीच गरज नव्या पद्धतीने पुरी करून घेता आली. ज्याच्याकडे नुसते कळांचे आकडे होते, त्याच्या हाती काहीच उरले नाही. आज्ञेची भाषा बदलते, गरज बहुधा तीच राहते, म्हणून गरज लिहून ठेवायची.

तुला हे संगणकवाल्यांचे नवे खूळ वाटू नये म्हणून जवळचाच दाखला देतो. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आपल्यापासून फार लांब नाही. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन विचारल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. लीळाचरित्राची ती मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांना आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. साहजिकच हिराइसा, परशरामबास अशा अनुयायांच्या परंपरांनुसार पाठ वेगवेगळे झाले. महानुभाव लेखकांनी ते गुपचूप एकसारखे करून टाकले नाहीत. अमुक वेगळा पाठ हिराइसेच्या परंपरेचा, तमुक परशरामबासांच्या, अशी नोंद पोथीत त्या त्या जागी केली, आणि अशा पाठभेदाला ‘वासना’ असे नावही दिले. वि. भि. कोलते यांचे संपादन 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यासारख्या अभ्यासकांना इतक्या शतकांनंतर पाठ तोलून पाहता आले, ते बऱ्याच अंशी या नोंदींमुळे. माझ्या मुद्द्याला यातली एक बारीक गोष्ट फार उपयोगी पडते. नोंद मजकुराच्या अंगाला होती, म्हणून पोथीची नक्कल जिथे गेली तिथे तीही गेली. तू म्हणशील की, बदलाचा इतिहास ठेवायला गिट आहे, कमिटच्या संदेशात कारण लिहिले की झाले. गिट ठेवच. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते सुरू केल्यापासून घरगुती फाइलींसाठीही त्याहून चांगले साधन मला दिसलेले नाही, आणि ते आहे म्हणूनच ओळ बिनधास्त काढता येते. पण फाइल मित्राला पाठवलीस, दुसऱ्या यंत्रावर उतरवलीस, की इतिहास मागे राहतो, फाइल तेवढी पुढे जाते. बदल केव्हा आणि कसा झाला ते कमिटमध्ये असू दे. ओळ का आहे ते ओळीजवळच हवे.

याला पहिला आक्षेप वेळेचा येतो: दिवसभर सेटिंग करत बसणारा काम केव्हा करणार? आक्षेप खरा आहे. रंगसंगतीत रविवार घालवणारे पुष्कळ आहेत. पण कारण लिहिण्याची अट हीच त्यावरची वेसण आहे. ‘छान दिसते’ हेही कारण चालेल, मात्र ते लिहावे लागेल. आणि दहाव्या ओळीलाही तेच लिहिताना हात आपोआप आखडतो. दुसरा आक्षेप, लोकांच्या तयार फाइली मिळत असताना स्वतः कशाला लिहायच्या. त्या जरूर वाच, पण सबंध फाइल उचलू नकोस. समजलेली ओळ घे आणि आपल्या शब्दांत टिपण लिहून मगच ठेव. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगशील ती फाइल क्षणात लिहून देतात, टिपणांसकट. पण ते टिपण ओळ काय करते एवढेच सांगते. तुला ती का हवी होती, हे तू सांगितल्याखेरीज त्या साधनाला माहीत असणार नाही. काय आणि का यांची गल्लत तिथेच होते. न सांगितलेली कारणे किती लवकर पुसली जातात पाहा: टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली यादीत दिसत नाहीत, या नियमावर डॉटफाइलींचा, म्हणजे अशा लपलेल्या कॉन्फिग फाइलींचा, सारा डोलारा उभा आहे; पण तो नियम कोणी विचार करून केलेला नाही. सुरुवातीच्या युनिक्समध्ये चालू फोल्डर आणि वरचे फोल्डर यांच्या खुणा यादीतून वगळण्यासाठी नुसते पहिले अक्षर टिंब आहे का एवढेच तपासले गेले, आणि त्या आडवाटेने बाकीच्या फाइली लपू लागल्या, असे युनिक्सच्या चमूतले रॉब पाइक यांनी सांगितले आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्या यंत्राची फार सवय झालेला माणूस दुसऱ्याच्या यंत्रावर पांगळा होतो. तुला कचेरीतल्या संगणकावर, परतवाड्याच्या डीटीपीच्या दुकानात, कोणाच्याही घरी बसून मराठी लिहिता आले पाहिजे. म्हणून अक्षरांच्या जागा बदलू नकोस. इन्स्क्रिप्ट ही मांडणी 1986 पासूनची, भारतीय मानक झालेली, आणि साऱ्या मोठ्या प्रणालींत आयती मिळणारी आहे; तिच्यावर बोटे बसव. भाषा बदलण्याची कळ, संक्षेप, फॉन्टचा क्रम, एडिटरमधले शॉर्टकट यांत हवी तेवढी मोकळीक घे. चार लोकांत जे चालते ते प्रमाण ठेवायचे आणि आपल्यापुरते आहे तिथे हौस करायची, ही सीमा पाळलीस तर हा आक्षेप तुला लागू होत नाही.

बाकी कामाच्या गोष्टी थोड्या आहेत. पासवर्ड, खासगी किल्ल्या, टोकन या फाइलींत कधीही नकोत. एकदा गिटमध्ये गेलेले गुपित नंतर ओळ पुसूनही इतिहासात राहते, आणि ते बाहेर गेले असेल तर किल्लीच बदलावी लागते. एकाच यंत्रापुरत्या गोष्टी, म्हणजे पडद्याचा आकार किंवा प्रिंटरचे नाव, वेगळ्या फाइलीत टाक आणि मुख्य फाइलीतून ती ओढून घे. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून त्यांच्या जागी सिम्लिंक लाव. स्टो नावाचे छोटे साधन हे काम नीट करते. आणि मांडणी खरोखर पूर्ण आहे की नाही याची परीक्षा त्याच लॅपटॉपवर होते: नवा वापरकर्ता तयार कर, त्या रिकाम्या घरात फक्त या फाइली उतरव आणि ‘वऱ्हाड’, ‘शाळा’, ‘लोणार’ हे तीन शब्द लिहून बघ. जे बिघडेल, ते तुझ्या डोक्यात होते आणि फाइलीत नव्हते.

सुरुवात शेल किंवा एडिटरपासून करू नकोस, कळफलक आणि फॉन्टच्या फाइलींपासून कर. त्या लहान आहेत आणि मराठीसाठी तिथेच सर्वांत जास्त अडते. दोन्ही लिहून झाल्या की टिपणांसकट मला पाठव. ज्या ओळीचे कारण मला पटणार नाही तिथे मी प्रश्न लिहून परत करीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका