सुटलेला बाण वळवता आला तर? : पहिल्या विमानवेधी क्षेपणास्त्रांची गोष्ट



सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही, असं आपण मुलांना नेहमी सांगतो. मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात हे वाक्य आलं आणि एका मुलाने हात वर केला. "सर, पण एस-४०० तर वाटेत वळतं ना?" बातम्या पाहणारी मुलं आहेत, प्रश्न येणारच. मी त्याला म्हटलं, उद्या सांगतो. घरी येऊन तयारी केली, तेव्हा लक्षात आलं की या एका प्रश्नात गणित आहे, विज्ञान आहे, इतिहास आहे आणि नागरिकशास्त्रही आहे. तो पाठ इथे देत आहे.

अडचण काय होती?

आधी फळ्यावर एक उदाहरण सोडवून घ्या. दुसऱ्या महायुद्धातलं एक बॉम्बफेकी विमान ८ किलोमीटर उंचीवरून सेकंदाला १०० मीटर वेगाने जात आहे. खालून तोफेचा गोळा सुटला. तिथवर पोहोचायला त्याला समजा २५ सेकंद लागले. तेवढ्या वेळात विमान किती पुढे गेलं? अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. मुलं लगेच सांगतात, २५०० मीटर, म्हणजे अडीच किलोमीटर!

म्हणजे तोफ चालवणाऱ्याने विमान आत्ता आहे तिथे नेम धरून उपयोग नाही. २५ सेकंदांनी ते जिथे असेल तिथे नेम धरायचा. मधल्या वेळात वैमानिकाने जरा दिशा बदलली की गोळा वाया. म्हणूनच एकेक विमान पाडायला हजारो गोळे खर्ची पडत. पुढे जेट विमानं आली. आता वेग सेकंदाला २५० मीटर घ्या आणि तेच गणित पुन्हा करा. उत्तर सहा किलोमीटरच्या वर जातं.

यावर उपाय एकच होता. गोळा सुटल्यावरही त्याला वाटेत वळवता आलं पाहिजे.

पहिले प्रयत्न

जर्मनीने युद्धाच्या काळात वासरफॉल, एन्झियान, श्मेटरलिंग अशा क्षेपणास्त्रांवर काम केलं. वासरफॉलच्या चाचण्या १९४४ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंड इथे झाल्या. पण १९४५ मध्ये युद्ध संपेपर्यंत यातलं एकही प्रत्यक्ष वापरात आलं नाही.

अमेरिकेने १९४५ मध्येच 'नाइकी' प्रकल्प सुरू केला. नाइकी ही ग्रीक पुराणातली विजयाची देवता. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये या क्षेपणास्त्राने चाचणीत वैमानिक नसलेलं एक बॉम्बर विमान टिपलं. १९५४ पासून 'नाइकी एजॅक्स' अमेरिकेतल्या मोठ्या शहरांभोवती तैनात होऊ लागलं. त्याचा पल्ला साधारण ४० किलोमीटर होता.

सोव्हिएत संघात स्टालिनने १९५० मध्ये मॉस्कोच्या रक्षणाची योजना हाती घ्यायला लावली. शहराभोवती दोन वर्तुळांत मिळून ५६ तळ बांधले गेले. ही एस-२५ यंत्रणा १९५५ मध्ये सेवेत आली. पण ती एका जागी पक्की बसवलेली होती, दुसरीकडे हलवता येत नव्हती. म्हणून मग वाहनांवरून नेता येईल अशी एस-७५ आली, १९५७ मध्ये.

ते वळतं कसं?

मुलांना वाटतं की क्षेपणास्त्राला डोळे असतात आणि ते विमान बघून त्याच्या मागे धावतं. एस-७५ ला असे डोळे नव्हतेच. जमिनीवरचं रडार विमानावरही लक्ष ठेवी आणि आपल्या क्षेपणास्त्रावरही. गणकयंत्र दोघांमधला फरक काढी आणि रेडिओवरून क्षेपणास्त्राला हुकूम जाई : डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. विमानाला थेट धडकायचीही गरज नसे. जवळ पोहोचलं की स्फोट होई आणि धातूचे तुकडे विमानाला लागत.

हे मैदानावर करून दाखवा. एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधा. हा क्षेपणास्त्र. दुसरा मुलगा मैदानातून तिरका चालत जाईल. हे विमान. तिसरी मुलगी एका जागी उभी राहून पट्टीवाल्याला "डावीकडे, अजून थोडं, सरळ" असं सांगेल. ही रडार. दोन-तीन डाव झाले की मुलं आपणच शोधून काढतात की "तो आहे तिथे" पाठवलं तर मागे मागे धावावं लागतं, आणि "तो जाणार आहे तिथे" पाठवलं तर लवकर गाठ पडते. मग चौथ्या मुलाला बाजूला उभं राहून जोरजोरात आरडाओरडा करायला सांगा. रडारचे हुकूम ऐकू येईनासे होतात. शत्रू रडार आणि रेडिओत अडथळा का आणतो, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

१ मे १९६०

त्या दिवशी अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान सोव्हिएत हद्दीत खोलवर शिरलं. वैमानिक होता फ्रान्सिस गॅरी पॉवर्स. उंची सुमारे २१ किलोमीटर. तिथवर सोव्हिएत लढाऊ विमानं पोहोचू शकत नव्हती. स्व्हर्डलोव्स्क शहराजवळ एस-७५ ने ते पाडलं. पॉवर्स हवाई छत्रीने उतरला आणि पकडला गेला. ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत असते.

पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. यू-२ ला गाठायला सोव्हिएत लढाऊ विमानंही वर गेली होती. शत्रूचं विमान पडलं आहे, ही खबर सगळ्या तळांना वेळेत पोहोचली नाही. पडद्यावर अजून ठिपका दिसत होता. क्षेपणास्त्रं सुटली आणि त्यांनी आपल्याच एका मिग-१९ विमानाला पाडलं. वैमानिक सर्गेई सफ्रोनोव मृत्युमुखी पडला.

मी हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. यंत्राने काही चूक केली नव्हती. त्याला दिलेला ठिपका त्याने बरोबर गाठला. तो ठिपका आपला की परका, हे माणसांनी सांगायचं होतं.

तैनात असलेली क्षेपणास्त्रं नुसती सांभाळणंही जोखमीचं होतं. २२ मे १९५८ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सीत एका नाइकी तळावर दुरुस्तीचं काम चालू असताना स्फोट झाला आणि १० माणसं गेली.

आपल्याकडे

भारतानेही साठच्या दशकात सोव्हिएत संघाकडून एस-७५ घेतली. सत्तरच्या दशकात हैदराबादच्या डीआरडीएल प्रयोगशाळेत ती समजून घेऊन तसंच क्षेपणास्त्र बनवण्याचा प्रयत्न झाला. त्याचं नाव 'प्रोजेक्ट डेव्हिल'. ते क्षेपणास्त्र काही सैन्यात आलं नाही. पण द्रव इंधनाच्या इंजिनावर झालेलं काम पुढे 'पृथ्वी'च्या कामी आलं आणि २५ फेब्रुवारी १९८८ ला 'पृथ्वी'चं पहिलं उड्डाण झालं. प्रयोग फसला म्हणजे वही फाडायची नसते, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

पाठानंतर विचारायचे प्रश्न

१. वेग सेकंदाला ३०० मीटर आणि वेळ २० सेकंद असेल तर विमान किती पुढे जाईल?
२. मैदानावरच्या खेळात चूक झाली तेव्हा ती कोणाची होती : ऐकणाऱ्याची, सांगणाऱ्याची की गोंगाटाची?
३. सुटलेलं क्षेपणास्त्र वळवता येतं. मग १ मे १९६० ला कोणती गोष्ट मागे घेता आली नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच सांगू नका. माझ्या वर्गात ज्याने एस-४०० चं विचारलं होतं, त्यानेच थोडा वेळ थांबून उत्तर दिलं, "सर, सोडायचा हुकूम."

पालकांनी घरी बातम्या बघताना हा विषय जरूर काढावा. आणि शिक्षक मित्रांनो, खेळ घेऊन पाहा, तुमच्या मुलांची उत्तरं कळवा.